रजा का मिळत नाही? छोट्या कारखान्यात माणसं सांभाळण्याची आणि घडवण्याची पद्धत

भोसरी, सातपूर, वाळूज, गोकुळ शिरगाव, बुटीबोरी. कुठल्याही एमआयडीसीतलं चाळीस-पन्नास माणसांचं मशीन शॉप घ्या. ‘कामगार कल्याण’ म्हटलं की तिथे २१ जूनचा योगदिन, सुरक्षा सप्ताहाची पोस्टरं आणि दिवाळीचा मिठाईचा बॉक्स एवढंच आठवतं. या गोष्टी वाईट नाहीत, पण त्या शेवटी यायच्या असतात. सुरुवात दोन कागदांपासून करायची: रजेची वही, आणि कोणतं काम कोणाकोणाला येतं याचा तक्ता. हा दुसरा कागद, म्हणजे स्किल मॅट्रिक्स, बहुतेक ठिकाणी असतो तो ऑडिटच्या आदल्या संध्याकाळी भरलेला.

दोन्ही खरे भरून शेजारी ठेवले की एक गोष्ट लगेच दिसते. ज्याला सर्वांत जास्त वेळा ‘आता नको, पुढच्या महिन्यात जा’ असं सांगितलं गेलं, तो बहुधा एखादं काम एकटाच जाणणारा सेटर (मशीन कामासाठी जुळवून देणारा) किंवा ग्राइंडिंगवाला असतो. ते काम दुसऱ्या कोणाला शिकवलेलं नाही म्हणून त्याला रजा नाही, आणि त्याच कारणाने त्याच्या हाताखालच्याला बढती नाही. म्हणून स्वास्थ्याचा कार्यक्रम वेगळा आणि प्रशिक्षणाचा वेगळा, अशी विभागणी छोट्या कारखान्यात करू नका. पुढची पद्धत २५ ते १०० माणसांच्या कारखान्यासाठी आहे, जिथे एचआर म्हणजे अकाउंट्स सांभाळणारी एक व्यक्ती आणि महिन्यातून एकदा येणारा सल्लागार.

पहिला महिना: नुसतं बघायचं

गेल्या बारा महिन्यांची हजेरी, ओटीची (ओव्हरटाइमची) नोंद, प्रथमोपचाराची वही आणि सोडून गेलेल्यांची यादी घेऊन बसा. साप्ताहिक सुट्टी न घेता सलग दहा-बारा दिवस आलेली माणसं, सर्वांत जास्त ओटी करणारी पाच नावं, आणि लागल्यापासून तीन महिन्यांच्या आत सोडलेले, यांवर खूण करा. नवे लोक भराभर जात असतील तर गडबड भरतीच्या वेळी दिलेल्या आश्वासनात किंवा पहिल्या आठवड्यातल्या वागणुकीत असते. सहा-सात वर्षांचे जुने जात असतील तर पुढची पायरी कोणती, हे त्यांना कोणी सांगितलेलं नसतं.

नाकारलेल्या रजा कुठेच सापडणार नाहीत. त्या तोंडी मागितल्या जातात आणि तोंडीच नाकारल्या जातात. मग माणूस न सांगता राहतो, त्याचा खाडा पडतो, आणि रजिस्टरात तो बेशिस्त दिसतो. यावर उपाय साधा आहे: टाइम ऑफिसात एक वही ठेवा. मागितल्याची तारीख, हवे असलेले दिवस, मिळाली की नाही, नसेल तर का आणि कोणी सांगितलं. तीन महिन्यांत ही वही कोणत्याही सर्वेक्षणापेक्षा जास्त सांगेल.

सूचनापेटी लावू नका. पन्नास जणांत अक्षर कोणाचं ते सगळ्यांना कळतं. त्यापेक्षा बारा-पंधरा जणांशी प्रत्येकी वीस मिनिटं बोला, मालकाच्या केबिनबाहेर, आणि बोलणारी व्यक्ती त्यांची थेट वरिष्ठ नसावी. कंत्राटी कामगार, बाई कामगार आणि रात्रपाळीवाला यांतले प्रत्येकी दोघे तरी घ्या. ‘काही अडचण आहे का?’ असं विचारलं तर उत्तर ‘नाही साहेब’ हेच येतं. म्हणून नेमकं विचारा: गेल्या महिन्यात कोणत्या दिवशी कामावर यायचं जिवावर आलं? कोणतं काम शिकायचंय, पण कोणी शिकवत नाही? पगाराच्या स्लिपवरचं काय कळत नाही? पंधरा दिवसांच्या आत फलकावर लावा: काय करणार आणि कोणत्या तारखेपर्यंत, काय जमणार नाही आणि का. हा कागद लागला नाही, तर दुसऱ्या वेळी कोणी तोंड उघडत नाही.

पगार, फंड, ईएसआय

पगार कायद्याने पुढच्या महिन्याच्या ७ तारखेच्या आत द्यायचा असतो. पण कामगाराचा घरभाड्याचा, भिशीचा आणि बचत गटाच्या हप्त्याचा हिशोब ठरावीक तारखेवर चालतो. दर महिन्याला ७ तारीख नक्की, हे कधी ३ तर कधी ९ पेक्षा बरं. ओटी कायद्याप्रमाणे दुप्पट दराने आणि स्लिपवर दाखवूनच द्या. व्हाउचरवर सिंगल दराने ओटी देण्याची चाल अनेक ठिकाणी आहे. ती बेकायदा तर आहेच, शिवाय कामगार तो हिशोब तोंडपाठ ठेवतो आणि नोकरी सोडताना काढतो. कंत्राटदाराने त्याच्या माणसांचे पैसे थकवले तर जबाबदारी शेवटी मुख्य मालकावर येते, तेव्हा त्याचं बिल मंजूर करण्यापूर्वी मागच्या महिन्याचा बँकेतला भरणा बघा.

ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) आणि पीएफची वर्गणी वेळेवर भरली म्हणजे काम संपलं, असं नसतं. अडतं ते पुढे. वर्षातून एक दिवस, शक्यतो एप्रिलमध्ये, प्रत्येकाला पंधरा मिनिटं देऊन एवढं तपासा:

- ईएसआय कार्डावर बायको, मुलं आणि आई-वडील यांची नावं आहेत का? लग्न झालं, मूल झालं, पण नोंद केली नाही, हे फार आढळतं. दवाखाना राहत्या घराजवळचा निवडलाय का?
- आधार, बँक आणि यूएएन (पीएफचा कायमचा नंबर) यांवरचं नाव अक्षरशः सारखं आहे का? एका अक्षराच्या फरकाने क्लेम परत येतो.
- पीएफचं ई-नॉमिनेशन (वारसाची ऑनलाइन नोंद) भरलंय का? फंडासोबतच्या विमा योजनेत मृत्यूनंतर कुटुंबाला कमाल ७ लाख रुपये मिळू शकतात. नॉमिनेशन नसेल तर वारसाच्या कागदांसाठी घरच्यांना हेलपाटे पडतात.

आजारपणात ईएसआयकडून वर्षात ९१ दिवसांपर्यंत वेतनाच्या ७० टक्के रक्कम मिळते, हे बऱ्याच कामगारांना माहीतच नसतं. वर्गणीच्या सहामाहीत किमान ७८ दिवस भरलेले असावे लागतात, म्हणून खाडे वाढले की हा हक्कही जातो. हे आधी सांगा. मेडिकल सर्टिफिकेट आल्यावर सांगून उपयोग नसतो.

पगारवाढ देताना २१,००० रुपयांच्या मर्यादेकडे लक्ष ठेवा. २०,८०० चे २१,३०० केले की चालू वर्गणीकाळ संपल्यावर माणूस ईएसआयबाहेर पडतो. पाचशेच्या वाढीत अख्ख्या घराचा दवाखाना जातो. अशा माणसांसाठी गट आरोग्य विमा आधी घ्या, मग वाढ लावा. पॉलिसीत आई-वडील आहेत का, हेही विचारून घ्या.

उचल, म्हणजे पगारातून आगाऊ पैसे, हा विषय टाळू नका. शाळेची फी, पेरणी, आजारपण, लग्न यांसाठी पैसे लागतातच, आणि कारखान्यातून मिळाले नाहीत तर खाजगी सावकाराकडून किंवा मोबाइलवरच्या कर्जाच्या अ‍ॅपवरून घेतले जातात. नियम कागदावर असावा: त्या महिन्यात कमावलेल्या पगाराच्या निम्म्यापर्यंत उचल, बिनव्याजी, परतफेड पुढच्या तीन पगारांत, वर्षातून दोनदा. एकूण कपाती पगाराच्या ५० टक्क्यांवर जाता कामा नयेत. देणारा एकच माणूस ठेवा आणि उत्तर दोन दिवसांत द्या. मालकाच्या मर्जीवर उचल ठेवली की ती मागण्यासाठी लोक कोपऱ्यात उभे राहतात, आणि ज्याला मागता येत नाही तो उपाशी राहतो.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून चार श्रमसंहिता, म्हणजे कामगार कायद्यांच्या नव्या संहिता, लागू झाल्या आहेत. नियुक्तिपत्र प्रत्येकाला द्यायचं आहे, आणि सोडून जाणाऱ्याचा पगार कामाच्या दोन दिवसांत चुकता करायचा आहे. राज्याच्या नियमांचा तपशील सल्लागाराकडून लेखी मागून घ्या. महाराष्ट्र कामगार कल्याण मंडळाची वर्गणी जून आणि डिसेंबरच्या पगारातून कापली जाते, पण मुलांच्या शिष्यवृत्तीचे अर्ज भरणारे थोडेच असतात. अर्जाची मुदत फलकावर लावायला पाच मिनिटं लागतात.

पाळी आणि सुट्टी

पाळ्या फिरवायच्या तर पुढे फिरवा: पहिली, दुसरी, तिसरी. उलट्या क्रमाने फिरवलं की शरीराला झोप मागे ओढावी लागते आणि ते जास्त जड जातं. दोन पाळ्यांमध्ये किमान ११ तासांचं अंतर ठेवा. दुसरी पाळी रात्री अकराला सुटल्यावर त्याच माणसाला सकाळी सातला बोलावणं ही अपघाताची तयारी आहे. पाळ्यांचा तक्ता निदान चौदा दिवस आधी लागला पाहिजे. त्यात बदल करायचा असेल तर सुपरवायझरने स्वतः फोन करावा, ग्रुपवर मेसेज टाकून मोकळं होऊ नये.

रजेचं वार्षिक कॅलेंडर जानेवारीत करा. गणपती आणि शिमग्याला कोकणातली माणसं जाणार, आषाढीला वारकरी, छठला बिहार-पूर्वांचलची, लग्नसराईत सगळेच. हे दरवर्षी होतं, तरी दरवर्षी डिस्पॅचला (माल रवाना करायला) अडचण ‘अचानक’ येते. विभागवार ठरवा की एका वेळी जास्तीत जास्त किती जण बाहेर असतील, आणि प्रत्येकाला वर्षातले दोन मोठे सण निवडू द्या. जागांपेक्षा मागणी जास्त असेल तर ज्याला मागच्या वर्षी नाही मिळाली, त्याचा नंबर आधी.

परप्रांतीय कामगाराच्या रजेला एक तारीख महत्त्वाची असते. रेल्वेचं आरक्षण प्रवासाच्या ६० दिवस आधी उघडतं (नोव्हेंबर २०२४ पूर्वी ते १२० दिवस आधी उघडत असे). म्हणून त्याची रजा ७० दिवस आधी मंजूर करा. आठ दिवस आधी ‘जा’ म्हटलं, तर तो जनरल डब्यातून जातो आणि परतीचं तिकीट नसल्याने पंधरा दिवस उशिरा येतो. मग तोच बेभरवशाचा ठरतो.

तक्ता: कोणाला काय येतं

आता मुख्य काम. उभ्या रांगेत नावं, आडव्या रांगेत कामं. ‘सीएनसी’ (संगणकाच्या प्रोग्रामवर चालणारं मशीन) एवढंच लिहू नका. ऑपरेटिंग, टूल ऑफसेट, जॉ (तुकडा पकडणारे जबडे) बदलणं, पहिल्या जॉबची (मशीनवर घडवलेल्या तुकड्याची) तपासणी, प्रोग्राममधली किरकोळ दुरुस्ती असे तुकडे करा. प्रत्येक चौकटीत आकडा:

० माहीत नाही
१ शिकतोय
२ देखरेखीखाली करतो
३ एकटा करतो, क्वालिटी आणि वेग दोन्ही सांभाळून
४ दुसऱ्याला शिकवू शकतो

आकडा सुपरवायझर आणि कामगार यांनी मिळून, मशीनपाशी उभं राहून ठरवायचा. एकट्या सुपरवायझरने भरलेल्या तक्त्यात मर्जीतले लोक हमखास ३ वर असतात. ज्या कामाखाली ३ किंवा ४ वर तिघांपेक्षा कमी नावं आहेत तो रकाना लाल करा. तीनच का? एक रजेवर, एक आजारी, तरी एक उरतो. लाल रकाने ही तुमची प्रशिक्षणाची यादी. बाहेरच्या ट्रेनरचं व्यक्तिमत्त्व विकासाचं व्याख्यान या यादीत बसत नाही, तो खर्च वाचवा.

शिकवण्यापूर्वी काम कागदावर तोडा. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकी कारखान्यांत नवख्यांना लवकर तयार करण्यासाठी जी पद्धत वापरली गेली, ती आजही चालते. तीन रकाने: पायरी, खुबी, कारण. उदाहरणार्थ, पायरी: सॉफ्ट जॉ बोअर करणं. खुबी: जॉमध्ये रिंग पकडून, आणि जॉबला लावणार तेवढंच चक प्रेशर (पकडीचा दाब) ठेवून. कारण: प्रेशर वेगळं असलं की जॉ वेगळे वाकतात आणि जॉबला रनआउट येतो, म्हणजे तो फिरताना मध्यापासून हलतो. जुन्या माणसाच्या हातात खुबी असते, पण ती तो सांगत नाही, कारण ती सांगण्यासारखी आहे हेच त्याला वाटत नाही. त्याला काम करताना बघत ‘इथे हात का थांबवला?’ असं विचारणारा कोणीतरी जवळ हवा. हा कागद एका पानात मावला पाहिजे.

मग चार टप्पे. शिकणाऱ्याला आधीच काय येतं ते विचारून घ्यायचं. करून दाखवायचं, एका वेळी एक पायरी, खुबी आणि कारण बोलून. त्याच्याकडून करवून घ्यायचं, आणि दुसऱ्या खेपेला खुब्या त्याच्या तोंडून वदवायच्या. न बोलता बरोबर केलेलं काम योगायोगाचं असू शकतं. शेवटी एकट्याला सोडायचं, पण अडलं तर कोणाकडे जायचं ते नाव सांगून. पहिल्या दिवशी दर तासाला बघायचं, आठवड्यानंतर दिवसातून एकदा.

वेळ किती? माणशी आठवड्याला दोन तास, ठरलेल्या वारी, आणि त्या तासांचं टार्गेट वजा करून. महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात शिकवणं ठेवू नका, तेव्हा डिस्पॅचच्या दडपणाखाली ते रद्द होणारच. योजना बहुतेक इथेच मरते: टार्गेट तेवढंच राहतं, शिकवणाऱ्याचे जॉब कमी पडतात, बोलणी त्याला बसतात, आणि पुढच्या आठवड्यात तो ‘आज वेळ नाही’ म्हणतो.

जुना माणूस शिकवायला टाळाटाळ करतो तेव्हा त्याला आडमुठा ठरवू नका. काम दुसऱ्याला आलं की त्याची ओटी कमी होणार, हा त्याचा हिशोब बरोबर आहे. त्या ओटीतला काही भाग मूळ पगारात आणा, किंवा ४ च्या पातळीला दरमहा ठरावीक भत्ता लावा, आणि त्याने तयार केलेला माणूस ३ वर पोचला की एकरकमी बक्षीस द्या. आणि सर्वांत आधी, त्याची अडकलेली रजा द्या. पर्यायी माणूस तयार झाल्याचा फायदा पहिल्यांदा त्यालाच दिसला पाहिजे.

पगारवाढीचा काही भाग तक्त्याशी जोडा: कोणत्या आकड्याला किती रुपये, हे फलकावर. त्याने ‘त्याला का आणि मला का नाही’ हा वाद पूर्ण मिटत नाही, पण वाद मशीनवर जाऊन तपासता येतो.

बाहेरचं शिक्षण निवडक ठेवा. छत्रपती संभाजीनगरच्या इंडो-जर्मन टूल रूममध्ये सीएनसी आणि टूल-डायचे कोर्स चालतात. बारावी किंवा आयटीआयनंतर शिक्षण सुटलेल्यांना नाशिकच्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठातून नोकरी सांभाळून पदवी घेता येते. त्यांना फीपेक्षा परीक्षेचे दिवस पगारी मिळणं जास्त मोलाचं असतं. कोर्सच्या बदल्यात मूळ प्रमाणपत्रं ठेवून घेण्याची पद्धत बंद करा. ३० किंवा जास्त माणसं असतील तर मनुष्यबळाच्या २.५ ते १५ टक्के शिकाऊ उमेदवार घेणं बंधनकारक आहे. त्यांना झाडू आणि चहा आणण्यात वर्ष घालवायला लावू नका. त्यांची नावंही त्याच तक्त्यात पहिल्या दिवसापासून लिहा.

सुपरवायझर

सर्वांत चांगल्या ऑपरेटरला सुपरवायझर केलं, की कधी कधी चांगला ऑपरेटर जातो आणि वाईट सुपरवायझर मिळतो. पद देण्याआधी तीन महिने त्याला दोन माणसं शिकवायला द्या. ते जमलं तर पद द्या. नंतर त्याच्याकडून तीन गोष्टी पक्क्या करून घ्या. बोलणं नावाने आणि ‘तुम्ही’ने, विशेषतः कंत्राटी माणसाशी, ज्याला सगळे नुसतं ‘ए’ म्हणतात. बायकांशी ‘ताई’ म्हणून किंवा नावाने, टोपणनावाने नाही. चूक दाखवायची ती बाजूला नेऊन, आणि माणसाची नव्हे तर जॉबची. आणि दर तिमाहीला आपल्या प्रत्येक माणसाशी वीस मिनिटं बसणं: तक्त्यातला कोणता आकडा वाढला, पुढचा कोणता, रजा कधी हवी. पन्नास जणांचे मिळून तिमाहीला सतराएक तास होतात. सुपरवायझरला एवढा वेळ मिळत नसेल तर त्याच्याकडे माणसं जास्त आहेत. एकाकडे बारा ते पंधरा पुरे.

मन बिघडलं तर

सुपरवायझरने निदान करायचं नाही, बदल टिपायचा. सोमवारचे खाडे, वाढलेलं रिजेक्शन, डबा न खाणं, एरवी बोलका माणूस गप्प होणं. बोलायचं ते दिसलेल्या गोष्टींवरून: ‘शिंदे, गेल्या दोन आठवड्यांत तीनदा उशीर झाला, काल दोन जॉब गेले. तुमचं असं होत नाही. घरी सगळं ठीक आहे ना?’ आणि मग गप्प राहायचं. ‘टेन्शन घेऊ नका, होईल सगळं’ म्हटलं की संवाद तिथेच संपतो.

टेली-मानस ही मानसिक आरोग्याची सरकारी सेवा १४४१६ या नंबरवर मोफत आहे, मराठीतही. नंबर फलकावर तर लावाच, पण स्वच्छतागृहाच्या दाराच्या आतल्या बाजूलाही लावा. तिथे तो कोणी बघत नसताना लिहून घेता येतो. जिवाचं बरंवाईट करण्याची भाषा कोणी केली तर त्याला एकटं सोडू नका, घरच्यांना बोलवा आणि त्याच दिवशी डॉक्टरकडे न्या. ‘कोणाला सांगणार नाही’ असं वचन द्यायचं नाही.

पिऊन आलेल्याला मशीनवर उभं करू नये, हे सगळ्यांना माहीत असतं. त्याला त्याच्याच मोटरसायकलवर घरी पाठवलं जातं, तेही तितकंच धोक्याचं. चावी काढून घ्या, नातेवाइकाला बोलवा, जे बोलायचं ते दुसऱ्या दिवशी बोला.

पाणी, ऊन, आवाज, संडास

हे थोडक्यात, कारण इथे समजून घेण्यासारखं कमी आणि करण्यासारखं जास्त आहे. फोर्जिंग, हीट ट्रीटमेंट आणि पत्र्याच्या शेडमध्ये एप्रिल-मेमध्ये दर वीस मिनिटांनी एक पेला पाणी. कूलर मशीनपासून लांब असेल तर कोणी जात नाही, पाणी जागेवर फिरवा. ओआरएसचं मोठं पाकीट एक लिटर पाण्यातच घाला. ते पेल्यात घोळणं चूक आहे. उष्ण जागी नवा माणूस असेल तर पहिल्या दिवशी कामाच्या वेळेच्या वीस टक्केच तिथे ठेवा आणि रोज वीस टक्के वाढवा. रजेवरून परतलेल्यालाही दोन-तीन दिवस सवलत द्या.

हातभर अंतरावरच्या माणसाशी ओरडून बोलावं लागत असेल तर आवाज बहुधा ८५ डेसिबलच्या वर आहे. इअरप्लग द्या आणि वर्षातून एकदा ऑडिओमेट्री (ऐकण्याची तपासणी) करा, अहवाल कामगाराच्या हातात द्या.

बायकांच्या संडासाला आतून कडी, पाणी, झाकणाची बादली आणि दिवा हवा. हे नसेल तर बाया दिवसभर पाणी पीत नाहीत. दहा किंवा जास्त माणसं असतील तर लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती लागते: अध्यक्ष बाई, निम्म्याहून कमी नाहीत इतक्या बाया, आणि बाहेरची एक व्यक्ती. मालकाची बायको अध्यक्ष, अशी समिती कागदावर चालते, पण तिच्याकडे तक्रार येत नाही.

काय मोजायचं

दर महिन्याला चार आकडे, एका पानावर: नाकारलेल्या रजा, लाल रकाने, माणशी सर्वाधिक ओटीचे तास, आणि लागल्यापासून तीन महिन्यांत सोडलेले. लाल रकाने कमी होत असताना नाकारलेल्या रजा तेवढ्याच राहिल्या, तर माणसं तयार झाली आहेत पण सुपरवायझरचा विश्वास बसलेला नाही. अशा वेळी सेटरला कमी डिस्पॅचच्या आठवड्यात तीन दिवसांच्या रजेवर पाठवा, त्याचा फोन बंद ठेवायला सांगा, आणि कुठे अडतं ते लिहून काढा. त्यातून पुढच्या तिमाहीची शिकवण्याची यादी तयार होते.